स्टुलावर उभे राहण्याची परवानगी

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी टाचणी ही वॉर्डात स्टुलावर बसलेली आढळली, तेव्हा तिच्या हातात चमचा होता. हा चमचा पुढे चौकशीत गुन्हा सौम्य करणारा पुरावा म्हणून मांडण्यात आला. समितीने तो फेटाळला, कारण चमचा उभ्यानेही धरता येतो.

नर्सिंग कॉलेजात बसायला जागा नव्हती असे नाही. वर्गात बाके होती, वसतिगृहात खाटा होत्या, आणि मोठ्या मॅडमच्या, म्हणजे प्राचार्यांच्या, खोलीत तर एक सोफाही होता, ज्याचे प्लास्टिक अजून काढलेले नव्हते. पण वॉर्डात विद्यार्थिनीने बसायचे नाही, हा कॉलेजचा सर्वांत जुना नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो बदलण्याची सोयही नव्हती.

टाचणी हे तिचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नको. अंगाने बारीक, उंचीने बेताची, आणि बोलली की टोचते, म्हणून मैत्रिणींनी ते ठेवले होते. शिकवणाऱ्या मॅडमना तेवढ्या नावाचीही गरज भासत नसे. त्यांच्या लेखी सगळ्या मुली म्हणजे 'ए फर्स्ट इयर', 'ए सेकंड इयर' आणि 'ए थर्ड इयर'. चौथ्या वर्षी मुलींना नाव परत मिळते, असे जुन्या मुली सांगत. पण चौथे वर्ष अभ्यासक्रमात नव्हते.

ज्या मॅडमनी तिला पकडले, त्यांना सगळे कोपरा मॅडम म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. पलंगाची चादर अंथरताना तिचा कोपरा पाकिटासारखा घडी करून गादीखाली खोचायचा असतो. कोपरा मॅडम वॉर्डात शिरल्या की आधी सगळे कोपरे तपासत. एखादा सैल दिसला, तर पेशंटला उठवून चादर पुन्हा घालायला लावत. पेशंटला उठता येत नसेल, तर तो त्याच्या आजाराचा भाग होता. कोपऱ्याला ती सबब लागू होत नसे.

त्या सकाळी टाचणी मास्तरांना दाट सूप भरवत होती. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले म्हातारे. बोलणे अडखळत, गिळणे त्याहून अडखळत. डॉक्टरांनी राउंडला स्वच्छ सांगितले होते, "तोंडाने पोटभर जातंय का बघू. सोमवारपर्यंत नाही गेलं, तर नाकातून नळी. आणि मग ती घरीही तशीच जाईल." मास्तरांना नळी काय असते ते ठाऊक होते. दाखल झाले तेव्हा एकदा घातली होती. त्यांनी ती डाव्या हाताने दोनदा उपटली, म्हणून नळी निघेपर्यंत तो हात पलंगाला बांधून ठेवला होता. चांगला हात तेवढाच होता.

म्हणून टाचणी स्टूल ओढून बसली होती. एक चमचा, मग थांबायचे, मास्तरांच्या गळ्याची हालचाल बघायची, मग दुसरा.

"ए सेकंड इयर," दारातून आवाज आला. "काय चाललंय?"

"भरवतेय, मॅडम."

"ते दिसतंय मला. बसून चाललंय का?"

टाचणी उठली. सूप उरले होते आणि मास्तरांचे तोंड उघडे होते.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, की भरवताना नर्सची नजर पेशंटच्या नजरेच्या पातळीला हवी. उभ्याने भरवलं की पेशंट मान वर करतो आणि घास श्वासनळीत जातो."

"शिकवलं," कोपरा मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत लिहायला शिकवलं. दहा ओळी लिहायच्या, आकृती काढायची. बसायला कुणी सांगितलं?"

"आकृतीत नर्स बसलेली आहे, मॅडम."

"आकृतीतल्या नर्सचं शिक्षण पूर्ण झालेलं आहे."

कोपरा मॅडमनी आपली पांढरी सलवार घोट्यावर जराशी उचलली. तिथे निळ्या शिरा दोरीसारख्या टपोऱ्या झालेल्या होत्या.

"बघ. तीन वर्षं शिकताना उभी, आणि पुढची सगळी शिकवताना उभी. याला शिस्त म्हणतात."

"दुखतात का हो मॅडम, पाय?"

"शिस्त कधी दुखते का?" मॅडम म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून पुढच्या पलंगाकडे निघाल्या.

चौकशी समिती नेमण्यात आली. तिने आधी 'बसणे' म्हणजे काय हे ठरवले: शरीराचा भार पायांऐवजी अन्यत्र टाकणे. या व्याख्येत भिंतीला टेकणेही येते, हे एका सदस्याच्या लक्षात आले. पण ते त्यांनी वेळीच विसरून दाखवले. टाचणीने पुन्हा तेच सांगितले, की नजर पातळीला आणायची तर बसावे लागते. समितीने मान्य केले की शास्त्र बरोबर आहे. नियमही बरोबर आहे, हे समितीला आधीपासून मान्यच होते. दोन बरोबर गोष्टींचे एकमेकींशी जमत नसेल, तर चूक तिसऱ्याच कुणाची तरी असणार. ती पलंगाची होती. पलंग बुटके होते.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. विद्यार्थिनीने पेशंटच्या पातळीला उतरायचे नाही. पेशंटला विद्यार्थिनीच्या पातळीला चढवायचे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डमामांनी भांडारातून लाकडी ठोकळे आणले आणि पलंगांच्या पायांखाली एकावर एक सरकवायला सुरुवात केली. किती उंच करायचे यावर पुन्हा बैठक झाली. दर्जा नेहमी उंचच असावा, असे मोठ्या मॅडमचे मत पडल्याने माप वसतिगृहातल्या सर्वांत उंच मुलीचे घेतले. तिला मैत्रिणी खांब म्हणत. पलंग खांबाच्या नजरेला आले. पेशंट पंख्यांच्या जवळ गेले. मास्तर वरून खाली बघत गादी घट्ट धरून बसले. तेही एकाच हाताने.

टाचणी पलंगाशी उभी राहिली, तेव्हा तिच्या नजरेसमोर गादीची कड आली. ती चांगल्या दर्जाची असावी.

"मॅडम, मला मास्तर दिसत नाहीत."

"बाकीच्यांना दिसतात ना?"

"खांबाला दिसतात. बाकीच्यांना थोडे थोडे दिसतात."

कोपरा मॅडमनी विचार केला. नियम, ठोकळ्यांचे परिपत्रक आणि समितीचा अहवाल तिन्ही आठवून पाहिले. मग कोपऱ्यातले स्टूल स्वतः पायाने पुढे सरकवले.

"यावर उभी राहा."

"स्टुलावर?"

"स्टुलावर बसायला बंदी आहे. उभं राहायला बंदी असल्याचं माझ्या वाचनात नाही."

टाचणी स्टुलावर चढली. एका हातात वाटी, एका हातात चमचा. स्टुलाचा एक पाय आखूड होता. बसल्यावर ते कळत नसे. मास्तरांनी तिला तसे उभे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या वर्गाची काळजी उमटली. आयुष्यभर त्यांनी मुलांना बाकावर उभे केले होते.

"काय... चूक... केलीस?" त्यांनी विचारले.

"बसले होते, मास्तर."

मास्तरांनी आठवून पाहिले. एवढ्या वर्षांत ही शिक्षा या गुन्ह्यासाठी त्यांनी कधी दिली नव्हती.

त्या दिवशी सूप निम्म्याच्या वर गेले नाही. स्टूल डुगडुगले की चमचा डुगडुगे आणि मास्तर भीतीने तोंड मिटून घेत. दुपारी ठसका लागला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबला नाही. टाचणी स्टुलावरून उतरून त्यांची पाठ चोळू गेली, तर हात पाठीपर्यंत पोचेना.

इकडे एक नवीनच अडचण उभी राहिली. कोपरा मॅडम तपासायला आल्या, तर मुली त्यांच्यापेक्षा उंच दिसू लागल्या.

"ए सेकंड इयर, माझ्याशी खाली बघून बोलतेस?"

"वर बघितलं तर तुम्ही दिसत नाही, मॅडम."

हे उद्धटपणात धरावे की भूमितीत, यावर एक दिवस गेला. शेवटी असे ठरले की शिकवणाऱ्यांचे डोके शिकणाऱ्यांच्या डोक्यापेक्षा वर असले पाहिजे, कारण ज्ञान वरून खाली वाहते. कोपरा मॅडमसाठी औषधांची ट्रॉली रिकामी करण्यात आली. त्या तीवर उभ्या राहत आणि मामा ती हळूहळू ढकलत नेत. औषधे खिडकीत ठेवली. मोठ्या मॅडम पाहणीला आल्या की त्यांच्यासाठी रंगाऱ्याकडून शिडीचा घोडा येई. तो तिवईसारखा उघडला की त्या त्याच्या टोकाला उभ्या राहून सूचना देत. वर जागा संपत आल्यामुळे पंखे काढून ठेवावे लागले.

मामा मात्र जमिनीवरच होते. ट्रॉली ढकलताना त्यांनी टाचणीला हळूच विचारले, "ताई, तुमच्या या शाळेत पहिला नंबर काढणारी कुठे जाते हो? छतावर?"

"मामा, गप्प बसा."

"मला बसायला परवानगी आहे का ते आधी विचारून या."

डॉक्टर दुसऱ्या खात्याचे असल्याने त्यांना उंचीचा नियम लागू नव्हता. ते नेहमीसारखे जमिनीवरून राउंड घेत. त्यांना पेशंटांच्या गाद्यांची कड दिसे. 'स्थिर' असे ते म्हणत आणि पुढे जात. मास्तरांच्या पलंगापाशी मात्र ते थांबले. "खाणं वाढत नाहीये," ते गादीला म्हणाले. "सोमवारी नळी घालून टाकू."

मास्तरांनी ते वर ऐकले. त्यांनी डावा हात उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला. टाचणीने स्टुलावरून तो हात पाहिला.

त्या दुपारी तिला पलंगाखाली पडलेला चमचा उचलायला वाकावे लागले, आणि तिथे तिला एक खोली सापडली.

खरोखरच खोली. पलंग एवढा उंच झाला होता, की त्याच्याखाली माणसाला ऐसपैस बसता येत होते. ठोकळे झाकायला लावलेली जादा चादर चारी बाजूंनी लोंबत होती, कोपरा मॅडमना पसंत पडेल अशी सरळ. बाहेरचे काही दिसत नव्हते, बाहेरून आतले काही दिसत नव्हते. आणि मुख्य म्हणजे या वॉर्डात आता खाली बघणारे कुणी उरले नव्हते.

खांबाने खांद्याखाली धरले, मामांनी पाय धरले, टाचणीने मान सांभाळली. मास्तर खाली आले. तिथे एक जादा गादी होती, पाठीशी दोन उशा. वर पलंगावर एक गुंडाळलेले पांघरूण आणि त्यावर टोपी. टाचणी मास्तरांच्या समोर मांडी घालून बसली. तिची नजर त्यांच्या नजरेच्या पातळीला होती, अगदी आकृतीतल्यासारखी.

मास्तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "शिक्षा... संपली?"

"मधली सुट्टी आहे, मास्तर. तोंड उघडा. हनुवटी जरा खाली. हं. आता गिळा. घाई नाही."

सूप संपायला बराच वेळ लागला. वाटीच्या तळाशी चमचा लागला तेव्हा मास्तरांनी तो स्वतःच्या डाव्या हाताने घेतला आणि उरलेले चाटूनपुसून खाल्ले. टाचणी पदवी मिळाल्यासारखी बघत राहिली.

संध्याकाळी कोपरा मॅडमची ट्रॉली आली. मॅडमनी वरून मास्तरांच्या पलंगाकडे पाहिले. चारही कोपरे ताठ होते. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"हा पेशंट बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "याला म्हणतात पेशंट. किती शिस्तीत झोपलाय."

दोन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्याच पेशंटांना शिस्त लागली. वर पांघरुणे झोपत आणि खाली माणसे जेवत. मुली त्यांच्याशी बोलत, त्यांची नखे कापत, कुणाचे पाय चेपत, आणि हे सगळे करताना बसत. खालून कधी हसण्याचा आवाज आला, तर ट्रॉलीवरच्या मॅडम छताकडे बघत. पेशंटांची वजने वाढली. ठसके थांबले. पाठीला जखमा होईनात. मोठ्या मॅडमनी वरिष्ठांना कळवले, की पलंगांची उंची वाढवल्याने रुग्ण झपाट्याने सुधारतात असे सिद्ध झाले आहे. वरिष्ठांचे पथक आले, घोड्यांवर चढले, पांघरुणांची चौकशी करून गेले, आणि इतर इस्पितळांनीही ठोकळे मागवावेत अशी शिफारस केली. कोपरा मॅडमना शाल मिळाली. ती त्यांनी ट्रॉलीवरूनच स्वीकारली.

रविवारपर्यंत मास्तरांनी सलग सगळी जेवणे तोंडाने संपवली होती. सोमवारच्या राउंडला डॉक्टर 'सुधारणा' म्हणतील आणि नळीचा विषय संपेल, एवढेच आता उरले होते.

रविवार हा भेटीचा दिवस. मास्तरांचे चिरंजीव बऱ्याच आठवड्यांनी सवड काढून आले. सज्जन गृहस्थ, चांगल्या नोकरीत. त्यांनी वर हात करून वडिलांच्या पायांना स्पर्श केला, तेव्हा पाय चुरगळले. त्यांनी चादर उचलून खाली पाहिले.

खाली वडील जेवत होते. गालांवर थोडे मांस आले होते. त्यांच्या समोर गणवेशातली एक मुलगी मांडी घालून बसली होती.

"हे काय चाललंय?" चिरंजीवांनी विचारले.

"भरवतेय, दादा. बघा ना, आता स्वतःच्या हातानंही खातात."

"खाली का?"

"वर भरवता येत नाही. आम्हाला वॉर्डात बसायला परवानगी नाही."

चिरंजीवांनी हे नीट समजून घेतले. ते न्यायप्रिय होते.

"परवानगी नाही," ते म्हणाले, "मग बसलीस का?"

"अरे..." मास्तर म्हणाले. पुढचे शब्द यायला त्यांना नेहमी वेळ लागे. तेवढा वेळ चिरंजीवांनी फोन काढण्यात सत्कारणी लावला.

फोटो चांगला आला. त्यात मुलगी पूर्ण आली होती. वाटी आणि वडील चौकटीत मावले नाहीत. 'ड्युटीवरचा आराम' असे वर लिहून त्यांनी तो चार ओळखीच्यांना पाठवला. ओळखीच्यांच्याही ओळखी होत्या. दिवस मावळायच्या आत तो इतक्या जणांनी पाहिला, की तेवढी माणसे कॉलेजाच्या इतिहासात कधी वॉर्डात आली नव्हती. खाली लोकांनी मनापासून लिहिले. 'हल्ली सेवाभाव राहिला नाही.' 'आमच्या वेळी नर्स दिवसभर उभ्या असायच्या.' 'यांना पगार कशाचा?' विद्यार्थिनींना पगार नसतो, हे एकाने लिहिले होते. पण त्याला कुणी उत्तर दिले नाही. हे सगळे लोकांनी आपापल्या सोयीने लिहिले. कुणी सोफ्यावरून, कुणी ऑफिसच्या खुर्चीवरून, कुणी अंथरुणात लोळून.

सोमवारी सकाळी ठोकळे काढण्यात आले. पलंग जमिनीवर आल्यावर पांघरुणे उलगडली, आणि कॉलेजची अब्रू वाचवण्यासाठी दोन निर्णय तातडीने झाले. एक, टाचणीचे वर्ष पुन्हा. दोन, यापुढे विद्यार्थिनींनी पेशंटला भरवायचेच नाही, म्हणजे बसण्याचा मोह होणार नाही. भरवायचे काम वॉर्डच्या सिस्टरांकडे गेले. सिस्टर एकच होत्या, आणि त्या कागद भरत होत्या.

डॉक्टरांच्या राउंडला मास्तरांचे सूप पलंगाशेजारी थंड झालेले होते.

"सकाळपासून तोंडात काही नाही," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे जात नाही," डॉक्टर म्हणाले. "घाला नळी."

"जातं, सर," टाचणी पायथ्याशी उभी राहून म्हणाली. "काल सगळं गेलंय. स्वतःच्या हातानं."

"तू कोण?"

"ती सेकंड इयर आहे," कोपरा मॅडम म्हणाल्या. यावेळी त्या जमिनीवरून बोलत होत्या, आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. "फोटोतली."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "ती होय. मीही पाहिला फोटो."

नळी घातली. मास्तरांनी ती उपटू नये म्हणून डावा हात पलंगाला बांधायचा होता. बांधायचे काम विद्यार्थिनींना करता येते, कारण ते उभ्याने होते. कोपरा मॅडमनी पट्टी टाचणीच्या हातात दिली. टाचणीने ती घेतली, आणि मास्तरांच्या बोटांवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मास्तर तिच्याकडे बघत होते. नाकात नळी असल्यावर त्यांना मुळीच बोलता येत नसे.

"बांध की गं," कोपरा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "सगळे बघतायत."

तिने बांधली. सैल बांधली म्हणून मॅडमनी पुन्हा बांधायला लावली.

इस्पितळाच्या दर्शनी भागात आता एक पाटी लावण्यात आली आहे. ज्या जागरूक नागरिकांनी तो फोटो पाहिला, पुढे पाठवला किंवा त्याखाली दोन शब्द लिहिले, त्या सर्वांचे तीत नम्र आभार मानले आहेत. आपल्या घरचे कुणी येथे दाखल असल्यास त्यांच्याजवळची विद्यार्थिनी उभी आहे याची खात्री करून घ्यावी, अशी विनंतीही आहे. पाटीखाली बाणाची खूण आहे. भेटीला येणाऱ्यांसाठी त्या बाजूला खुर्च्यांची सोय केलेली आहे.